समुद्रछायेच्या सिस्टर

सिस्टरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या आमच्या बिल्डिंगच्या फाटकात प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि रस्त्याने चाललेल्या पोस्टमनला थांबवून त्याचं मनगट त्यांनी हातात धरलं होतं. पोस्टमनची मोटारसायकल स्टँडवर तिरकी उभी होती आणि तोही साधारण तसाच उभा होता.

"बाई, सोडा हो. अजून सगळा माळ फिरायचाय मला."

"फिरा की. आधी सांगा, रोज या रस्त्याने जाता, मग या फाटकाच्या आत का येत नाही?"

"ही बिल्डिंग आमच्याकडे नाही."

"नाही म्हणजे? मग तुमच्या डोक्यावर सावली कोणाची पडल्येय?"

पोस्टमनने खरोखर मान वर करून पाहिलं. चार मजले, ताजा पिवळसर रंग, गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. बिल्डिंग होती, याबद्दल वाद नव्हता. सिस्टरनी त्याचं मनगट सोडलं आणि म्हणाल्या, "नाडी जलद आहे. पाणी पीत नाही तुम्ही. थांबा, कोकम आणत्ये."

मी मूळचा सांगलीचा. बँकेच्या बदलीने रत्नागिरीला आलो, आणि शहराबाहेर कातळावर नुकत्याच उभ्या राहिलेल्या त्या बिल्डिंगमध्ये भाड्याने फ्लॅट घेतला. तिथे मी तीनेक वर्षं होतो. त्या वर्षांतलं बाकीचं बरंचसं आता पुसट झालंय. सिस्टर मात्र झालेल्या नाहीत.

त्या सरकारी दवाखान्यांतून नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. गाव वेळणेश्वरजवळचं, लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या दारावर त्यांचं पूर्ण नाव पितळेच्या अक्षरांत होतं, पण त्या नावाने त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. ठेंगणी मूर्ती, सुती पाचवारी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि खांद्याशी पदराला टाचलेलं उलटं घड्याळ. आम्हां सगळ्यांना त्या फ्लॅटच्या नंबराने ओळखत, दवाखान्यात खाटेच्या नंबराने ओळखावं तशा. मी 'दोनशे चार' होतो. "दोनशे चार, आज बँक बंद काय?" असं जिन्यातून ओरडून विचारत.

बोलताना समोरच्याची नाडी धरायची त्यांची सवय जाता जाईना. भाजीवाला, रिक्षावाला, गॅसचा सिलेंडर आणणारा, कोणीही असो. दोन वाक्यं झाली की त्यांची बोटं मनगटावर आणि नजर खांद्याच्या घड्याळावर. "जीभ काय, वाट्टेल ते बोलते," त्या म्हणत. "मनगटाला तेवढी अक्कल नाही, ते खरं सांगून मोकळं होतं."

टपालाची भानगड मात्र नाडीने सुटण्यातली नव्हती. आमच्या बिल्डिंगला नावं दोन होती. बिल्डरने फ्लॅट विकायला काढले तेव्हा नाव ठेवलं 'समुद्रछाया'. समुद्र तिथून दिसत नव्हता. गच्चीतल्या टाकीवर चढलं तर एक राखाडी रेघ दिसे. पुढे त्याचं भागीदाराशी बिनसलं, कोणा गुरुजींनी नाव लाभत नाही म्हणून सांगितलं, आणि बांधकाम पुरं होताना दर्शनी भागावर स्टीलची अक्षरं चढली ती 'श्रीकृपा हाइट्स' अशी. करारनाम्यांवर, विजेच्या बिलावर, सगळ्या कागदांवर समुद्रछायाच राहिली. त्यातून शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याच बिल्डरची जुनी 'श्रीकृपा' होती. म्हणजे समुद्रछायेचं पत्र आलं की पोस्टमनला समुद्रछाया सापडेना, आणि श्रीकृपाचं आलं की ते मुकाट्याने दुसऱ्या टोकाला जाई. माझ्या आईने सांगलीहून पाठवलेलं भडंगाचं पार्सल तिकडच्या लोकांनी खाल्लं. चांगलं होतं, असंही नंतर कळलं.

गच्चीवर एकदा सगळ्या भाडेकरूंची आणि मालकांची बैठक झाली. बहुतेकांचं म्हणणं, आता पत्रं येतात कोणाला? सगळं मोबाइलवरच येतं. सोसायटी झाली की बघू.  शेवटी सिस्टर उठून म्हणाल्या, "एटीएमचं कार्ड मोबाइलवर येतं? गाडीचं आरसी येतं? सोसायटी होईल तेव्हा होईल. पेशंट आत्ता दारात आलाय, त्याला काय सांगू, इमारत पुरी झाल्यावर ये?"

 दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वतःच उपचार सुरू केले. पोस्टकार्डांचा गठ्ठा आणला आणि बिल्डिंगमधल्या एकेका घराला समुद्रछायेच्या पत्त्यावर कार्ड टाकायला लागल्या. राहायचं त्याच बिल्डिंगमध्ये, आणि पत्र टाकायचं शहरात जाऊन.

"लकवा झालेला हात रोज हलवायला लागतो," त्यांनी मला समजावलं. "मग कधीतरी त्याला आठवतं आपण हात आहोत ते. पोस्टालापण सवय लागायला हवी आपली."

कार्डं पोचत नव्हती आणि परतही येत नव्हती, कारण पाठवणाऱ्याचा पत्ताही समुद्रछायाच. तरी त्या टाकत राहिल्या.

एकदा मी न राहवून विचारलं, "सिस्टर, तुम्हांला स्वतःला पत्रं येतात तरी कोणाची?"

"कोणाची नाही," त्या सहज म्हणाल्या. काजूगर सोलत बसल्या होत्या. मग सोलता सोलताच बोलायला लागल्या. लोट्याजवळच्या आरोग्य केंद्रात त्यांची नेमणूक होती तेव्हाची गोष्ट. केमिकलच्या कारखान्यात भाजलेला एक परप्रांतीय कामगार रात्रपाळीहून आणला होता. ठेकेदाराला त्याचं गाव माहीत नव्हतं, कारखान्याला तर नावही धड माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मोठ्या दवाखान्यात हलवण्याच्या पलीकडे आहे. सिस्टर त्याच्या उशाशी बसल्या आणि तो शुद्धीवर येई तेव्हा तेव्हा एकच विचारत राहिल्या, तुझं घर कुठे? कधी तो नदीचं नाव घेई, कधी बाजाराचं. एका ट्रक ड्रायव्हरला तो बाजार ठाऊक निघाला. त्यावरून तालुका मिळाला, तार गेली.

"मग?"

"भाऊ आला त्याचा. एक अख्खी दुपार दोघं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला तो." त्यांनी सालं गोळा केली. "पत्ता नाही असं नसतं, दोनशे चार. कोणी विचारत बसत नाही एवढंच असतं."

त्यानंतर काही महिन्यांनी नसीमच्या पासपोर्टचं प्रकरण झालं.

नसीम पहिल्या मजल्यावर, एकशे दोनमध्ये, सासूबरोबर राहायची. नवरा मस्कतला नोकरीला. खाडीकाठच्या गावातलं घर भावाभावांत अपुरं पडायला लागलं तेव्हा त्याने हा फ्लॅट घेतला होता. सासूला आम्ही सगळे चाची म्हणायचो. गोऱ्यापान, गुडघे धरून चालणाऱ्या, फार कमी बोलणाऱ्या. नसीमच्या व्हिसाला नवऱ्याच्या कंपनीने होकार दिला होता. पासपोर्टची चौकशी झाली, पोलिसांनाही बिल्डिंग सापडली, आणि पासपोर्ट स्पीड पोस्टाने निघाल्याचा मेसेज आला. मग एके दिवशी दुपारी नसीम फोन हातात घेऊन सिस्टरच्या दारात उभी राहिली. मी शेजारच्याच दारात होतो. तिचा चेहरा पाहून थांबलो.

"सिस्टर, परत पाठवतायत म्हणे. लिहिलंय, पत्ता सापडला नाही."

"फोन नाही केलान कोणी?"

"नंबर अम्मींचा दिला होता. त्या अनोळखी नंबर उचलत नाहीत. आता हा परत गेला तर सगळं पहिल्यापासून. तोवर यांची कंपनी थांबायची नाही. फॅमिली व्हिसाचं एकदाच मंजूर केलंय त्यांनी."

सिस्टर बूट घालायलाच वळल्या. "दोनशे चार, रिक्षा बघा."

पोस्टातले साहेब सज्जन होते. त्यांनी आम्हांला बसवलं, पाणी दिलं. पाकीट तिथेच होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या थैलीतून परत जायचं होतं. पण नसीमच्या आधारवर गावचा पत्ता, पाकिटावर समुद्रछाया. पासपोर्ट पाकिटावरच्या पत्त्यावर, त्याच माणसाच्या हातात द्यायचा असा नियम. खिडकीवर देता येत नव्हता.

"मग द्या ना पत्त्यावर," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, पण त्या नावाची बिल्डिंग नाही तिथे. आमचा नवा पोस्टमन जाऊन आला. पाटी वेगळी आहे, खाली टपालपेट्या नाहीत. त्याने तरी काय समजायचं?"

"पाटी असली, पेट्या असल्या तर उद्या पाठवाल?"

साहेब हसले. "असल्या तर पाठवीन की. एका दिवसात कुठून येणार?"

"ते तुम्ही माझ्यावर सोडा," म्हणत सिस्टर उठल्या. साहेबांची नाडी बघायलाही थांबल्या नाहीत, यावरून मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं.

परत येताना त्यांनी बिल्डरला फोन लावला. स्टीलच्या अक्षरांना हात लावायचा नाही, असं त्याने सांगितलं. पेंटरला लावला, तो लग्नाला गेलेला. मग त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि रिक्षा बाजारात वळवून तेलरंगाचा लाल डबा घेतला.

रस्त्याकडेची आमची कंपाउंडची भिंत लांबलचक आणि कोरी होती. सिस्टरनी काथ्याची दोरी कोळशाच्या भुकटीत बुडवली, एक टोक माझ्याकडे, एक नसीमकडे दिलं, दोरी ताणून मधे टिचकी मारली. भिंतीवर सरळ काळी रेघ उमटली. अशा दोन रेघा मारल्या आणि त्या पदर खोचून उन्हात भिंतीशी उभ्या राहिल्या.

"सिस्टर, तुम्ही लिहिणार?"

"लसीकरणाच्या वेळी दापोलीकडच्या गावांतल्या भिंती कोणी रंगवल्या असं वाटतं तुम्हांला? पेंटर पाठवत होते काय आम्हांला?"

त्यांनी 'स' काढला तो कमरेएवढा. वळण असं, की एखाद्या शाळेच्या फळ्यावरून उचलून आणलंय. रस्त्याने जाणारे थांबायला लागले. बिल्डिंगमधली माणसंही हळूहळू खाली उतरली, आणि सिस्टरनी मान न वळवता एकेकाला कामाला लावलं. मे महिना होता, आंब्याची लाकडी पेटी नाही असं घर रत्नागिरीत मिळणं कठीण. प्रत्येकाने एकेक आणायची. तीनशे एकने हातोडी काढली, आम्ही पार्किंगच्या भिंतीला पेट्या एकावर एक ठोकायला लागलो. गच्चीवर 'सोसायटी झाली की बघू' म्हणणारे गृहस्थ तोंडात खिळे धरून उभे होते.

पेट्यांवर नावं घालायचं काम सिस्टरनी स्वतःकडेच ठेवलं होतं. घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव हवं, असा त्यांचा हट्ट. एकशे दोनच्या पेटीशी चाची उभ्या होत्या. "पोराचं घाला, पुरे," त्या म्हणाल्या.

"पोरगा मस्कतात आहे. इथे कोण राहतं?" असं म्हणून सिस्टरनी नसीमचं नाव घातलं आणि खाली चाचींचं पूर्ण नाव. चाचींना मराठी वाचता येत होतं. त्यांनी ते वाचलं आणि वर निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिल्डर आला. गाडीतून उतरून भिंतीकडे बघत राहिला. शेवटचा 'या' तेवढा व्हायचा होता.

"सिस्टर, हे काय चाललंय? ही भिंत अजून माझ्या नावावर आहे. सोसायटी झालेली नाही."

"म्हणूनच तुम्ही ठेवलेलं नाव लिहित्ये. माझं नाही लिहीत."

"ते नाव लाभलं नाही म्हणून बदललं मी!"

"लाभलं नाही ते तुम्हांला. या पोरीला लाभायचंय." आणि त्यांनी ब्रश डाव्या हातात घेऊन उजव्याने त्याचं मनगट धरलं. बिल्डर एवढा गोंधळला की त्याने हात ओढून घेतला नाही. सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांत उभी राहून बघत होती. सिस्टर घड्याळाकडे बघत मोजत राहिल्या.

"बीपी तपासून घ्या," शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या. "थट्टा नाही करत. आजच जा. भिंतीचं नंतर भांडू."

बिल्डर गाडीत बसून गेला. भिंतीचा विषय त्याने पुढे कधी काढला नाही. बीपीची गोळी मात्र त्याला सुरू झाली, असं त्याच्या ड्रायव्हरकडून कळलं.

मग आम्ही वाट बघत बसलो. मी रजा टाकली होती. दुपार टळली तरी पोस्टमन येईना. नसीम फाटक ते पेट्या अशा फेऱ्या मारत होती. तिने दोनदा विचारलं, "नाही आले तर?" आणि दोन्ही वेळा सिस्टर म्हणाल्या, "येतील." तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाल्या, "नाही आले तर थैली उचलायची गाडी जिथून सुटते तिथे मी आडवी पडेन. तू बस खाली."

तसं करायची वेळ आली नाही. मोटारसायकल वळणावर दिसली, भिंतीशी येऊन थांबली. पोस्टमनने लाल अक्षरं या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली, मग आत येऊन पेट्या बघितल्या, आणि हसूच लागला. नसीमने ओळखपत्र दाखवलं, सही केली. पाकीट हातात घेतलं आणि तसंच सिस्टरपुढे धरलं, ते सिस्टरनीच फोडलं.

पोस्टमन घाम पुसत म्हणाला, "माझी काय चूक नाही हां. मागच्या आठवड्यात मी येऊन गेलो होतो. या चाची गॅलरीत होत्या. विचारलं, समुद्रछाया हीच काय? या नाही म्हणाल्या."

चाची जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या होत्या. नसीमने त्यांच्याकडे पाहिलं.  चाचींच्या ओढणीचं टोक त्यांच्या मुठीत चुरगळलं होतं.

"पाटी तशीच होती ना," सिस्टर ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "श्रीकृपा लिहिलं होतं. चाचींनी वाचून सांगितलान. मीपण तेच सांगितलं असतं." आणि पोस्टमनकडे वळल्या. "तुम्ही कोकम घेणार का चहा?"

जिन्यात मी त्यांना गाठलं. "पण सिस्टर, चाचींना तर माहीत..."

"माहीत होतं. मग? पोरगा गेला, आता सून चालली. घर कोणासाठी घेतलंन, असं वाटलं असेल बाईला. तुम्ही आता तोंड बंद ठेवा, दोनशे चार."

त्या दिवसापासून सिस्टर दुपारचा चहा एकशे दोनमध्ये घ्यायला लागल्या. नसीमच्या जायच्या दिवसापर्यंत चाचींचं आणि त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. सासू-सुनेत सुरुवातीला बोलणं कमीच होतं, पण नंतर एकदा मी दोघींना गॅलरीत बसून एकाच परातीत मासळी साफ करताना पाहिलं. निघायच्या दिवशी चाची खालपर्यंत उतरल्या. हातात सुक्या सोड्यांचं, सोललेल्या कोळंबीचं, मोठं पुडकं.

"अम्मी, वजन जास्त होईल," नसीम म्हणाली.

"माझ्या पोराला आवडतात. न्यायचे."

सिस्टरनी रिक्षातच बॅग उघडली, आतला मिक्सर काढून माझ्या हातात दिला आणि त्या जागी सोडे बसवले. "मिक्सर मस्कतात मिळतो," म्हणाल्या. नसीम चाचींच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. रिक्षावाला घाई करत होता, त्याच्याकडे सिस्टरनी नुसतं बघितलं.

टपालाचं सांगायचं तर ते नीट यायला लागलं. इतक्या महिन्यांची अडकलेली पोस्टकार्डंही एके दिवशी गठ्ठ्याने आली. माझ्या कार्डावर लिहिलं होतं, 'दोनशे चार, तुमच्या गॅलरीतली तुळस मेली आहे. दुसरी लावा, नाहीतर कुंडी मला द्या.' तोवर कुंडी त्यांनी नेलीही होती.

आणि सिस्टर चाचींच्या मागे लागल्या, पासपोर्ट काढा म्हणून.

"मला कुठे जायचंय या वयात?" चाची म्हणत.

"नका जाऊ. पण नाही जात असं म्हणायला तरी पासपोर्ट हवा. नसला तर ते नाही जाणं नव्हे, अडकणं झालं."

चाचींचा पासपोर्ट आला तेव्हा पोस्टमनने फाटकातूनच हाक मारली. पुढच्या हिवाळ्यात नसीमला मुलगी झाली आणि चाची दोन महिन्यांसाठी मस्कतला गेल्या. जाताना मुंबईच्या गाडीत बसवायला आम्ही दोघं गेलो होतो. चाचींनी खिडकीतून घराची किल्ली सिस्टरच्या हातात दिली आणि कुठल्या झाडाला किती पाणी घालायचं ते दोनदा सांगितलं.

परत येताना रिक्षात मी म्हटलं, "सिस्टर, तुम्हीही काढा की पासपोर्ट. चाची बोलावतील तुम्हांला. हिंडून या."

त्या हसल्या. मग सांगायला लागल्या, की नोकरी लागली तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्या सरकारी क्वार्टरमध्ये राहिल्या. बदली झाली की खोली सोडायची, भिंतीला खिळासुद्धा ठोकायचा नाही, कारण जाताना भिंत होती तशी परत द्यायची. दापोलीला एकदा एवढं छान परसू होतं, अबोली लावलेली, फुलं आली त्याच आठवड्यात ऑर्डर आली.

रिक्षा आमच्या भिंतीशी थांबली. सिस्टर उतरल्या, चाचींची किल्ली कनवटीला नीट खोचली आणि फाटक ढकललं.

"कुठे जाऊ हो आता?" त्या म्हणाल्या. "मी आत्ताच तर राहायला आल्ये."